खोलीचे भाडे, दुचाकीचा हप्ता आणि किमान वेतन

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एक पत्र प्रसिद्ध झाले. साध्या नोकरीतही काटकसर केली तर घर होते आणि छोटी चारचाकीही दारात येते, आजच्या कामगारवर्गाला मात्र बचतीची सवय उरलेली नाही, असा त्या पत्राचा सूर होता. पत्रलेखकांनी आपल्या वडिलांचे उदाहरण दिले आहे. त्या पिढीच्या कष्टांविषयी मला पूर्ण आदर आहे, कारण माझे सासरेही त्याच पिढीतले होते. परंतु त्यांच्या पत्रात आकडे एकही नाही, आणि हा प्रश्न आकड्यांवाचून सुटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी इंदूरच्या सांवेर रोडवरील एका छोट्या कारखान्यात एकोणतीस वर्षे हिशेबनीस होते. दर महिन्याचे पगारपत्रक माझ्या हातून जात असे. निवृत्तीनंतर सुदामानगरात घरीच असते. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई शेजारच्या द्वारकापुरीत राहते. ती मूळची बऱ्हाणपूरकडची, मराठीच बोलते. दोन महिन्यांपूर्वी ती मुलीची जुनी शाळेची वही घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही हिशेबातल्या आहात, एवढी बेरीज तपासून द्या. आम्हाला गाडी घ्यायची आहे.” वहीच्या मागच्या पानांवर तिच्या नवऱ्याने पेन्सिलीने महिन्याचा जमाखर्च मांडला होता. बेरीज बरोबर होती. त्यांची परवानगी घेऊन ते आकडे येथे देत आहे.

नवरा इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगचे काम करतो. एकूण पगार बारा हजार रुपये, म्हणजे अकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या आसपासचाच. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० आणि कर्मचारी राज्य विम्याचे पाऊण टक्का म्हणजे ९० रुपये कापले जाऊन हातात १०,४७० येतात. बाई चार घरी पोळ्या करून ६,५०० मिळवते. एका खोलीचे भाडे ४,०००. संडास तीन बिऱ्हाडांत मिळून एक. घरमालकाने लावलेल्या वेगळ्या मीटरप्रमाणे विजेचे ६०० जातात. कंपनीची बस कायम कामगारांसाठी आहे, ठेकेदाराच्या माणसांना तीत जागा नाही, त्यामुळे तो हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलने जातो. हप्ता २,५००. जाऊन येऊन रोजचे पन्नास किलोमीटर होतात, महिन्याच्या सव्वीस हजेऱ्यांचे तेराशे किलोमीटर. लिटरला पन्नासचा हिशेब धरला तरी सव्वीस लिटर पेट्रोल लागते आणि आजच्या भावाने त्याचे सुमारे २,७५० रुपये होतात. खोली, वीज, हप्ता आणि पेट्रोल मिळून ९,८५०. नवऱ्याच्या हातातल्या पगारातून एवढे वजा केले की ६२० रुपये उरतात. चौघांचे खाणेपिणे, दोन मुलींची शाळा, औषधपाणी आणि गावाकडच्या सासूला पाठवायचे पैसे हे सारे त्या ६२० रुपयांत आणि बाईच्या पोळ्यांच्या पैशांत बसवायचे असते. वहीत बाहेरच्या खाण्याची एकही नोंद नव्हती. मोबाईलचे रिचार्ज होते, पण ठेकेदार हजेरीचा निरोप मोबाईलवरच पाठवतो.

अशा घरात गाडी घेण्याचा विचार आला कोठून, हेही सांगितले पाहिजे, कारण तो चैनीचा विचार नव्हता. एका बाजारातल्या दुकानदाराने त्यांना एक लाख चाळीस हजारांत जुनी सीएनजी व्हॅन दाखवली होती. चाळीस हजार रोख भरायचे, उरलेल्या लाखावर अडीच वर्षे महिना सुमारे ४,२०० हप्ता. त्याच वस्तीतले आणखी तिघेजण पीथमपूरला जातात. ते महिन्याला प्रत्येकी दोन हजार देतील, पावसात भिजणे टळेल आणि रविवारी सगळ्यांना मिळून दवाखान्यात जाता येईल, असा बेत होता. मी त्यांच्यासमोर बसून गणित केले. तेराशे किलोमीटरला सीएनजी सहा हजारांच्या पुढे जाते, म्हणजे तिघांचे पैसे इंधनातच संपतात. हप्ता, विमा आणि जुन्या गाडीची दुरुस्ती संपूर्ण त्याच्याच डोक्यावर येते, आणि मोटारसायकलला लागतात त्याहून जास्त पैसे महिन्याला लागतात. रोख चाळीस हजारांसाठी बाईच्या गळ्यातले गेले असते ते वेगळे. शिवाय खासगी नोंदणीच्या वाहनातून पैसे घेऊन माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. हे सर्व मला त्यांना सांगावे लागले. नवऱ्याने वही मिटली आणि म्हणाला, “ठीक आहे काकू, पावसाळ्यापुरता रेनकोट चांगला घेतो.” इतकी वर्षे पगारपत्रके केली, पण ‘नाही’ म्हणताना इतके वाईट कधी वाटले नव्हते.

नव्या गाडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. तरीही सर्वांत स्वस्त नवी गाडी शोरूममध्येच साडेतीन लाखांच्या आसपास आहे. तीन लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तरी महिन्याला सुमारे पाच हजार हप्ता पडतो. वरच्या ६२० रुपयांतून तो निघणार नाही, हे पत्रलेखकांनाही मान्य व्हावे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. किमान वेतन हे कामगाराच्या कुटुंबाच्या किमान गरजा भागवण्यासाठी ठरवले जाते, असे आपण समजतो. त्या गरजांचे माप सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्या १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरले. आपल्या नंदानगराला ज्यांचे नाव आहे ते गुलझारीलाल नंदा त्या वेळी केंद्रीय कामगारमंत्री होते. कमावत्या माणसासह तीन प्रौढांइतके खाणारे कुटुंब, माणशी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान जागेइतके भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे २० टक्के, असे ते माप होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. हे माप त्या काळाच्या मानाने उदार होते आणि ते ठरवणाऱ्यांच्या मनात कामगाराविषयी कळकळ होती, असे मला मनापासून वाटते.

पुढे वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारी २०१९ ची वेतन संहिता आली आणि तिच्या केंद्रीय नियमांचा मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात घरभाड्यासाठी अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या १० टक्के एवढी रक्कम धरलेली आहे, आणि २० व २५ टक्क्यांचे दोन भाग तसेच ठेवलेले आहेत. वाचकांनी कागद घेऊन बारा हजारांवर हे गणित करून पाहावे. किरकोळ खर्चाचे २,४०० आणि शिक्षण-औषधांचे ३,००० बाजूला काढले की ६,६०० उरतात. त्यांपैकी ६,००० अन्न-कापडाचे आणि ६०० भाड्याचे. म्हणजे एकूण वेतनाच्या अवघ्या पाच टक्क्यांत कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळते, असे हे माप गृहीत धरते. सहाशे रुपयांत इंदुरात खोली मिळत नाही, वाहन उभे करायला जागासुद्धा मिळत नाही. आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च? त्याला या मापात स्वतंत्र रकानाच नाही. तो गॅस सिलिंडर, वीज आणि साबण यांच्या बरोबरीने २,४०० रुपयांच्या किरकोळ खात्यात भागवायचा. द्वारकापुरीच्या त्या माणसाचे नुसते पेट्रोलच त्या खात्याच्या बाहेर जाते.

यावर कोणी म्हणेल की जाण्यायेण्याचा रकाना पूर्वीही नव्हता, आणि लोकांचे चालतच होते. ते खरे आहे, आणि का चालत होते याचे उत्तर मला घरातच मिळते. माझे सासरे येथल्या एका कापडगिरणीत होते. परदेशीपुऱ्यातल्या खोलीतून गिरणीचा भोंगा ऐकू येत असे. पहिला भोंगा झाला की ते चहा घेत आणि दुसऱ्याच्या आधी फाटकात असत. जायला दहा मिनिटे लागत, खर्च शून्य. साठीपर्यंत त्यांच्याकडे सायकलखेरीज वाहन नव्हते आणि त्यांना त्याची गरजही पडली नाही. वाचलेल्या पैशांतून त्यांनी गृहनिर्माण संस्थेचा भूखंड घेतला. पत्रलेखकांच्या वडिलांचेही असेच काहीसे झाले असावे. होळकर दरबाराने बोलावलेल्या शहररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या आपल्या अहवालात गिरणी कामगारांच्या घरांचा विचार शहररचनेचाच एक भाग म्हणून केला होता. गिरण्या आणि त्यांच्या वस्त्या एकमेकींना धरून वाढल्या. सारे काही सुखाचे होते असे मला म्हणायचे नाही. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मिळण्याचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला. कित्येक जण तोवर हयात राहिले नाहीत. पण काम आणि घर यांच्यातले अंतर त्या पिढीला विकत घ्यावे लागले नाही, हा फरक लक्षात घेतल्याशिवाय दोन पिढ्यांची तुलना करता येत नाही.

आज कारखाने पीथमपूर, सांवेर रोड, देवास अशा दिशांना आहेत आणि परवडणारी खोली जिथे मिळेल तिथे आहे. माझ्या ओळखीच्या या कुटुंबाने पीथमपूरलाच का राहू नये, असे मीही विचारले होते. तिथे गेले तर बाईची चार घरे सुटतात, म्हणजे ६,५०० जातात, आणि मुलींची शाळा बदलते. एका घरात दोन मिळकती दोन दिशांना असल्या की कोणत्या तरी एकीसाठी वाहन लागतेच. म्हणून घरभाडे आणि वाहन हे दोन वेगळे खर्च आहेत असे मी मानत नाही. जवळ राहावे तर भाडे वाढते, लांब राहावे तर पेट्रोल आणि हप्ता वाढतो.

स्वतःच्या घराचेही तसेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबे दुर्बल घटकात धरली आहेत आणि गृहकर्जाच्या व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे. ही मदत मोठी आहे. पण आठ लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षे महिना जवळजवळ सात हजार हप्ता पडतो, आणि दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या कामगाराला बँक एवढे कर्ज सहसा देत नाही. शिवाय अशी घरे शहराच्या कडेला असतात. कनाडियाकडे केंद्र सरकारच्या लाइट हाउस गृहप्रकल्पातून नव्या तंत्राने १,०२४ घरे उभी राहिली. ती मी पाहिली आहेत आणि बांधकाम चांगले आहे. परंतु कनाडिया शहराच्या पूर्वेला आणि पीथमपूर नैऋत्येला. तिथे घर मिळाले तरी सारे शहर ओलांडून कामावर जावे लागेल. मेट्रोचा मे २०२५ मध्ये सुरू झालेला सुमारे सहा किलोमीटरचा पट्टा सुपर कॉरिडॉरवर आहे. या कामगारांच्या वाटेवर तो येत नाही.

एका गोष्टीचा उल्लेख मुद्दाम करते, कारण ती मी दर रविवारी पाहते. पोळ्यांचे पैसे घ्यायला बाई येते तेव्हा नवरा फाटकाबाहेर मोटारसायकलवर थांबलेला असतो. पेट्रोलच्या टाकीवर धाकटीसाठी छोटी उशी नाड्यांनी बांधलेली आहे, थोरली आईबापांच्या मध्ये बसते. मागच्या टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे दुचाकीवर चालकाशिवाय एकालाच बसता येते. चार वर्षांखालील मुलांसाठी पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात हेल्मेटवाचून पेट्रोल न देण्याचा आदेशही निघाला होता. हे नियम योग्य आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण मग चौघांच्या कुटुंबाने रात्री नऊनंतर द्वारकापुरीतून दवाखान्यात जायचे कसे, याचे उत्तरही कोणीतरी द्यायला हवे. चौघांना छताखाली बसवणारे एखादे साधे वाहन अशा घराला चैन म्हणून नको असते. २००८ मध्ये लाखाची मोटार, म्हणजे नॅनो, लोकांसमोर आली तेव्हा रतन टाटा यांनीही पावसात स्कूटरवर निघालेल्या कुटुंबाचे दृश्य आपल्या मनात असल्याचे सांगितले होते. ती गाडी बंद झाली. स्कूटरवरचे कुटुंब अजून तसेच आहे.

कारखानदारांची बाजू मला माहीत नाही असे नाही. लहान कारखान्यात कित्येक महिने पगाराची रक्कम जुळवताना मालकाची झोप उडालेली मी पाहिली आहे. मध्य प्रदेशात किमान वेतनाचे मूळ दर जवळजवळ दहा वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये वाढले, आणि अकुशल कामगाराचा दर ११,८०० झाला. ती वाढ न्यायालयीन स्थगितीत काही महिने अडकली आणि डिसेंबरात मोकळी झाली. दहा वर्षांची वाढ एकदम आल्यामुळे उद्योगांना ती जड गेली हे मी समजू शकते. ती दर दोनतीन वर्षांनी झाली असती तर दोन्ही बाजूंना सोपे गेले असते. मधल्या काळात वाढलेले भाडे मात्र कामगाराला त्या त्या वर्षीच द्यावे लागले. त्याला कोणत्याही न्यायालयाची स्थगिती मिळाली नाही.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. राज्याचे दर ठरवताना इंदूरसारख्या शहरातील एका खोलीचे प्रत्यक्ष भाडे तपासून घ्यावे आणि प्रवासखर्चाला स्वतंत्र रकाना द्यावा, अशी माझी राज्याच्या किमान वेतन सल्लागार मंडळाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. तोपर्यंत पीथमपूर आणि सांवेर रोडच्या पाळ्यांच्या वेळेला धरून, विशेषतः रात्री दहाला सुटणाऱ्या पाळीसाठी, द्वारकापुरी, राऊ आणि बाणगंगेकडून बस सोडल्या, आणि कंपन्यांच्या बसमध्ये ठेकेदारी कामगारांना जागा मिळाली, तर अनेक घरांचा मोटारसायकलचा हप्ता वाचेल. माझ्या हिशेबाने त्या एका कुटुंबाला त्याचा जेवढा फायदा होईल, तेवढा हजार रुपयांच्या पगारवाढीनेही होणार नाही.

शेवटी आमच्याच दारातली गोष्ट. हे सर्व लिहायला घेतल्यावर मी आमच्या सोसायटीची बिले काढून पाहिली. पहारेकऱ्यामागे आम्ही एजन्सीला महिना साडेपंधरा हजार देतो. पहारेकऱ्याला विचारले तर त्याच्या हातात नऊ हजार येतात, तेही बारा तासांच्या पाळीचे, आणि गणवेशाचे पैसे वेगळे कापून. तो धार रोडच्या पलीकडून सायकलने येतो. मधल्या साडेसहा हजारांपैकी भविष्यनिर्वाह निधीत आणि विम्यात किती भरले जातात याची पावती गेल्या तीन वर्षांत कोणीही मागितलेली नाही. मीही नाही. पुढच्या महिन्यात आमची वार्षिक सभा आहे. त्या पावत्या सभेसमोर ठेवाव्यात आणि पहारेकऱ्याचा पगार थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा, असा विषय मी सचिवांकडे लेखी दिला आहे.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस,
सुदामानगर, इंदूर